तिप्पण्णाचा कान

कोंडीबाने दोन्ही गाल फुगवले, डोळे मिटले आणि भर रस्त्यात 'खर्र-खट, खर्र-खट' असा आवाज काढला. समोर नागव्वाच्या चहाच्या दुकानापुढे बसलेले ड्रायव्हर मांड्यांवर थापा मारून हसले. तिप्पण्णा मिस्त्री तेवढा हसला नाही. आपल्या कारखान्याच्या दाराच्या चौकटीला डावा खांदा लावून तो स्टुलावर बसला होता आणि कोंडीबाच्या तोंडाकडे, दुखऱ्या दाढेकडे वैदू बघतो तसा, रोखून बघत होता.

"परत कर," तो म्हणाला.

कोंडीबाने परत केला. या खेपेला त्याने मानेलाही झटके दिले. तिप्पण्णाने तिसऱ्यांदा करायला लावला आणि मग इंजिनाच्या पंख्याचं बूश गेलंय असा निकाल दिला. ग्रीस कधी घातलं होतंस, असं विचारल्यावर कोंडीबा डोकं खाजवू लागला.

"ग्रीस घालतो की, मिस्त्री. पर मला वाटलं आवाज चाकातनं येतोय."

"तुला आवाजातलं काय कळतंय?" तिप्पण्णा म्हणाला.

हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणे याला सुमार नव्हता. ड्रायव्हरला म्हणे, मालकाला म्हणे, मोटारीत बसून आलेल्या पाहुण्यालाही म्हणे. कोंडीबाच्या वाट्याला ते सगळ्यांत जास्त येई, कारण मोहोळच्या फेरीची त्याची उतारूंची सर्व्हिस मोटार सगळ्यांत जुनी होती आणि तो स्वतः तिप्पण्णाच्या मते सगळ्यांत मोठा गाढव होता. तिप्पण्णा उठला, बॉनेट उघडलं, पंखा हातानं हलवून बघितला. पंखा तसा घट्टच होता. तरी त्याने ग्रीस घातलं, स्क्रू आवळला आणि बॉनेट आपटून बंद केलं.

आवाज तोंडाने करून दाखवायची ही रीत त्याने दिवाळीनंतर सुरू केली होती. बाळीवेशीबाहेरच्या मोटार अड्ड्यावर आता ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. कुणाची का मोटार असेना, मालकाने किंवा ड्रायव्हरने आधी रस्त्यात उभं राहून तिचं दुखणं तोंडाने काढून दाखवायचं. त्याशिवाय मिस्त्री बॉनेटला बोट लावणार नाही. ज्याला स्वतःच्या मोटारीचं रडणं धड सांगता येत नाही त्याने बैलगाडी ठेवावी, असं तो वर ऐकवी. लोकांना वाटे, मिस्त्रीचा माज वाढला. पण होटगीपासून मोहोळपर्यंत त्याच्यासारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता, तेव्हा लोक मुकाट्याने गाल फुगवत.

आणि तो कानच गेला होता.

दिवाळीच्या सुमारास डावा पुरता बसला. उजवा त्याच्या मागोमाग निघाला होता. समोर तोंड करून, जवळ येऊन कुणी बोललं तर बोलणं कळे. पण इंजिनातले बारीक आवाज एकेक करून नाहीसे झाले होते. आता कोणतंही इंजिन सुरू झालं की त्याला ऐकू येई ती नुसती एक जाड घरघर, जात्याची असते तशी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची त्याची जुनी सवय होती. ती त्याने सोडली नव्हती, पण हल्ली मुठीतून जबड्याला थरथर तेवढी पोचे. घरी बायको अक्कम्मा मोठ्याने बोलू लागली होती. वयाबरोबर बाईला रीतभात उरली नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

हे बाहेर फुटलं तर काय होईल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. स्टेशनकडे एक नवा कारखाना निघाला होता. तिथला मिस्त्री मुंबईहून शिकून, सर्टिफिकेट घेऊन आला होता आणि ते त्याने काचेत घालून भिंतीला लावलं होतं. 'कागदाला कान असत्यात व्हय?' असं तिप्पण्णा अड्ड्यावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, एकदा नव्हे, बऱ्याचदा. आता त्याला स्वतःलाच कान नव्हता आणि कागद तर कधीच नव्हता. ज्यांना आयुष्यभर गाढवं म्हटलं ती सगळी गाढवं एका दिवसात स्टेशनकडे वळली असती, आणि वाटेत पोट धरून हसली असती.

म्हणून तो त्यांना अधिकच तुच्छ लेखू लागला होता. त्यासाठी त्याला फार कष्टही पडत नसत. पेट्रोलच्या डब्यात रॉकेल ओतून मोटार चढाला ठोके का देते असं निरागसपणे विचारणारे ड्रायव्हर रोजचेच होते. एका तेलाच्या व्यापाऱ्याने घरचंच आहे म्हणून इंजिनात करडईचं तेल घातलं होतं. भजी किती सोडली होती, असं तिप्पण्णाने त्याला चारचौघांत विचारलं. मोहोळकडच्या धोंडीराम पाटलाने तर खंडेनवमीला मोटारीची पूजा केली आणि लेकराला पाजावं तसं वाटीभर साजूक तूप इंजिनात सोडलं. भक्तीने केलं, असं तो वर म्हणाला. कार्तिकातल्या पहाटेच्या थंडीत ते तूप आत थिजलं आणि मोटार दाराशी बसली. तिप्पण्णाने खरवडून काढलेला तो काळा गोळा पाटलाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, आता पुरणपोळी आणा. त्या गोष्टीवर अड्डा आठ दिवस हसला होता. पाटील हसला नव्हता.

कोंडीबा हात पुसत आपल्या मोटारीकडे जात होता तेवढ्यात मुकुंदराव वकिलांची मोटार आली. ते येणार हे आदल्या दिवशी त्यांच्या कारकुनाने सांगून ठेवलं होतं. मोटार नवी होती, विलायती, आणि वकील ती स्वतः चालवत. मागे त्यांची मुलगी लीला बसली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वकील तिला घेऊन माळशिरसला निघणार होते. तिकडचं स्थळ सांगून आलं होतं आणि मुलगी दाखवायची होती. भिंतीशी मोटार उभी करून त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, उतरले आणि कोटाची बाही झटकली.

"मिस्त्री, गेले चार दिवस इंजिनात आवाज येतो आहे. जरा बघा."

"कसला आवाज? करून दावा."

वकिलांना कळलं नाही. चहाच्या दुकानातल्या कुणीतरी त्यांना रीत समजावून सांगितली. मुलगी पदराआड हसू लागली. वकिलांचा चेहरा हळूहळू लाल झाला. कोर्टात ज्याच्यासमोर साक्षीदार चाचरत, तो माणूस रस्त्यात गाल फुगवणार नव्हता.

"हे पाहा, मी इथे सोंग करायला आलेलो नाही. इंजिन चालू आहे. तुम्ही मिस्त्री आहात, तुम्ही ऐका."

तिप्पण्णाने स्टूल मागे सारलं. नाही म्हणायला जागा नव्हती. वकिलांच्या शब्दाला गावात वजन होतं. ते इथून रागाने गेले असते तर थेट स्टेशनकडेच गेले असते, आणि त्यांच्यामागून अर्धी पेठ. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मोटारीच्या नाकासमोर उभा राहिला. उजव्या हाताला भिंत होती, डाव्या हाताला मोकळा रस्ता. बॉनेट उघडून त्याने टोक एका सिलिंडरवर टेकवलं, मग दुसऱ्यावर, आणि मूठ उजव्या कानाला दाबून धरली. जबडा थरथरला. जात्याची घरघर तेवढी आली. त्याने ॲक्सिलेटरची दांडी हाताने ओढली, सोडली, पुन्हा ओढली. घरघर वाढली आणि कमी झाली. तिच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळेना, आणि घामाचा एक थेंब नाकावरून इंजिनावर पडून चुर्र झाला, तोही त्याला नुसता दिसला.

मग त्याने नेहमीचा दगड मारून बघितला. पेट्रोलमध्ये रॉकेल आहे, तो म्हणाला, डबा बदला आणि खुशाल जा.

"रॉकेल?" वकील म्हणाले. "मी माझ्या देखत सीलबंद डबे फोडतो. आणि आवाज चढावर येत नाही, सपाटीवर येतो. किंबहुना आत्ता या क्षणी येतो आहे." ते थांबले आणि तिप्पण्णाकडे निरखून बघू लागले. "मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

चहाच्या दुकानातले पेले जागच्या जागी राहिले. तिप्पण्णाने प्रश्न ऐकला होता, वकील समोर तोंड करूनच बोलले होते. त्याच्या मनात आलं की झालं, संपलं. स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात त्याला खाली घेता येईना.

तेवढ्यात कोंडीबा मध्ये घुसला. रस्त्याच्या बाजूने सरळ न येता तो मोटारीच्या मागून वळसा घालून भिंतीकडे आला, मडगार्ड आणि भिंत यांच्यातल्या वीतभर फटीतून पाठ घासत पुढे सरकला आणि तिप्पण्णाच्या उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"वकीलसाहेब, त्यांस्नी समदं ऐकाया येतंय," तो दात काढून म्हणाला. "पर ते मालकाच्या तोंडनं वदवून घेत्यात. हितली रीतच हाय तशी. तुमी लाजताय तर म्या करतो."

आणि त्याने तोंड तिप्पण्णाच्या कानाजवळ नेलं. हात ओढल्यासारखा केला आणि इंजिनाची चढती घरघर काढली. मग हात सोडला, आणि घरघर उतरता उतरता तिच्यातून खोल पोटातून ठोके काढले, 'ढब्ब, ढब्ब-ढब्ब', आणि मग ते हळूहळू विरत नेले. दोनदा केलं. सकाळचे मानेचे झटके या वेळी नव्हते.

तिप्पण्णाच्या डोळ्यांपुढे अख्खं इंजिन उघडं झालं. ओढताना नाही, सोडताना. टकटक नाही, ढब्ब. त्याने इंजिन बंद केलं, ऑइलची कांडी ओढली आणि ऑइल दोन बोटांत चोळलं. पाण्यासारखं पातळ. बोटं त्याने उन्हात धरली. त्यांच्यावर अभ्रकासारखी बारीक चमक होती.

"बेरिंग झिजाया लागलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता आणि त्यासोबत माजही. "पिस्टनच्या दांड्याच्या बुडातलं. ही चमक त्याचीच हाय. उद्या माळशिरसला निघाला असता तर वाटंत दांडा तुटून इंजिनाला भोक पडलं असतं. ऑइल कुटलं घातलंय?"

वकिलांनी मोटारीबरोबर आलेलं छापील पुस्तक काढून दाखवलं. त्यात हिवाळ्यासाठी पातळ ऑइल सांगितलं होतं. पौष महिना लागला तसं त्यांनी पुस्तकाबरहुकूम जाड ऑइल काढून पातळ भरलं होतं, तारीख टाकून.

तिप्पण्णाला ही मेजवानीच होती. त्याने पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हिवाळा कुटला, रावसाहेब? विलायतचा. तितं पाणी गोठतंय. हितं पौषात बी दुपारी टोपीबिगर भाईर पडवत न्हाय. थंडी पंचांगात बघायची नसती, अंगाला लागती का ते बघायचं. हितं बाराई म्हैनं जाडच घालायचं. लई शिकल्याली माणसं तुमी."

वकिलांनी पुस्तक परत घेऊन कोटाच्या खिशात घातलं. मुलगी दुसरीकडे बघत होती. शेवटी मोटार तिप्पण्णाच्या कारखान्यातच ठेवायची, धातू ओतून बेरिंग नवं बसवायचं आणि माळशिरसला उद्या आगगाडीने आणि पुढे सर्व्हिस मोटारने जायचं असं ठरलं. जाताना वकील थबकले आणि म्हणाले की, पद्धत विचित्र आहे खरी, पण मानलं पाहिजे; स्टेशनकडच्या त्या माणसाने दोनदा बघून आवाज नाहीच म्हणून सांगितलं होतं. तिप्पण्णाने नुसती मान हलवली. वकील आणि मुलगी बसलेला टांगा वळणाआड गेल्यावर तो दुकानाकडे वळून, कुणी विचारलं नसताना, वकिलांचा हिवाळा, वकिलांचं पुस्तक आणि वकिलांचा कोट यांच्यावर बराच वेळ बोलला.

ड्रायव्हर ऐकत होते. हसले मात्र बेताचेच. आणि कोंडीबाने भर रस्त्यात एवढं सोंग केलं तेव्हा तर कुणीच हसलं नव्हतं, हे तिप्पण्णाच्या आत्ता ध्यानात आलं.

नागव्वा चहा घेऊन आली. तिची चूल रस्त्याच्या बाजूला, म्हणजे तिप्पण्णाच्या डाव्या हाताला होती. तिथून ती चार पावलं सरळ आली असती तरी पेला पोचला असता. पण ती वकिलांच्या मोटारीला वळसा घालून, लुगडं सावरत, भिंतीच्या फटीतून आली आणि उजव्या बाजूने म्हणाली, "घ्या अण्णा, च्या."

तिप्पण्णाने पेला घेतला. त्याची नजर भिंतीवर गेली. दसऱ्याला त्याने या भिंतीला स्वतः उभं राहून चुना देववला होता. वर चुना पांढराशुभ्र होता, खालीही होता. पण मोटारी उभ्या राहत त्या जागी, माणसाच्या पाठी-खांद्याइतक्या उंचीवर, तो घासून गेला होता आणि आतली माती दिसत होती. एका कोंडीबाच्या पाठीने एवढं होण्यासारखं नव्हतं. त्याने दुकानापुढे बसलेल्यांकडे बघितलं. एकाच्या बाहीवर पांढरं होतं. दुसऱ्याच्या सदऱ्याला मागून होतं. पलीकडे धोंडीराम पाटलाचा ड्रायव्हर पाठमोरा उभा होता, त्याच्या कोटालाही.

त्याला सकाळचा पंखा आठवला. पंखा घट्ट होता. परवाच्या एकाच्या टॅपेटमध्ये काही बिघाड नव्हता, त्याच्या आधीच्या एकाचे प्लग चांगले होते. दोघांनाही त्याने शिव्या घातल्या होत्या आणि दोघेही आनंदाने ऐकून गेले होते. वकील येणार हे अड्ड्यावर सगळ्यांना कालपासून माहीत होतं. ते वळणावर दिसायच्या बेतात असतानाच कोंडीबाने रस्त्यात उभं राहून गाल फुगवले होते, रीत म्हणजे रीत हे त्यांना दिसावं म्हणून. आणि आपण त्याला तीनदा करायला लावलं.

चहा निवत गेला. आपण यांना गाढवं म्हणत होतो, आणि ही गाढवं दिवाळीपासून भिंतीला पाठ घासत आपल्याला सांभाळत होती. कुणी कधी एका शब्दाने बोललं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून राग आला, आणि तो राग काढायला समोर कुणी सापडेना.

मोहोळच्या फेरीची वेळ झाली होती. उतारू मोटारीत चढले होते, टपावर गाठोडी बांधून झाली होती. कोंडीबा हँडल मारायला वाकला होता, रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला.

"कोंडीबा," तिप्पण्णाने हाक मारली. "सकाळचा तुझा त्यो आवाज. खर्र-खट. त्यो तुझ्या मोटारीचा व्हता का?"

कोंडीबाने वाकल्या वाकल्याच काहीतरी उत्तर दिलं. त्याचे ओठ हलले तेवढे तिप्पण्णाला दिसले. मग कोंडीबाच्या ध्यानात आलं असावं. त्याने हँडल खाली ठेवलं, उतारूंना थांबायला खूण केली आणि रस्ता ओलांडला. वकिलांच्या मोटारीला मागून वळसा घातला, फटीत शिरला, भिंतीला पाठ घासत पुढे सरकला आणि मिस्त्रीच्या उजव्या खांद्याशी येऊन, तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

"ते मला काय इचारता, मिस्त्री? मला आवाजातलं काय कळतंय?"